दुरुस्त केलेले रविवार

माझा जुना संगणक बारा वर्षांचा होता आणि माझ्यासारखाच चिडका. चालू केला की आधी घरघरायचा, मग पाच मिनिटं विचार करायचा आणि मग एकदाचा उजळायचा. मी निवृत्त झाले त्या वर्षी तो घेतला. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेलं ते मॉडेल तेव्हाच दुकानात शेवटचं होतं. दुकानदाराने 'काकू, नवीन घ्या की' म्हणून दोनदा सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. ऐकणं हा माझा गुण कधीच नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच्या पोटातून टकटक आवाज येऊ लागला, तेव्हा मी रुखसारला बोलावलं. रुखसार मुजावर ही माझी दोन हजार बावीस सालची विद्यार्थिनी. आता चाळिशीची झाली आहे, चष्मा लागला आहे आणि कराडात तिचं संगणकांचं दुकान आहे. मला अजून घाबरते असं दाखवते, पण चेष्टा करायची संधी सोडत नाही.

"मॅडम, ह्याचं काही खरं नाही आता," डिस्कला कान लावून ती म्हणाली. "चकती जागोजागी खराब झालीय. एकदा वाचून होईल, दुसऱ्यांदा नाही. आहे ते उचलून नव्यात टाकूया."

"सगळं जसंच्या तसं टाक."

"जसंच्या तसं आता कोण ठेवतंय मॅडम? तुम्हीच शिकवलेलं ना आम्हाला, माहिती म्हणजे काय ते."

शिकवलं होतं खरं. अकरावीच्या वर्गात मी विचारायची, 'सूर्य उद्या उगवणार आहे, असं मी सांगितलं तर तुम्हाला काय कळलं?' मुलं म्हणायची, काहीच नाही. 'आणि उगवणार नाही म्हटलं तर?' वर्गात गलका व्हायचा. ज्याचा अंदाज आधीच येतो त्यात माहिती नसते, धक्का बसतो तिथे माहिती असते. हे काही माझं संशोधन नव्हे, शंभर वर्षांचं जुनं गणित आहे. नव्या यंत्रांनी ते शब्दशः मनावर घेतलं एवढंच.

झालं असं, की जगभरचे फोटो आणि चलचित्रं साठवायला वीज पुरेना. तेव्हा कुणीतरी डोकं चालवलं. रोजच्या आमटीचं पातेलं कशाला साठवायचं? आमटीची कृती ठेवा, आणि ज्या दिवशी मीठ जास्त पडलं त्या दिवसाची तेवढी नोंद ठेवा. मागाल तेव्हा हुबेहूब आमटी पुन्हा करून देऊ. नवं यंत्र आधी तुमचं सगळं वाचतं, तुमची रीत शिकतं, आणि जे जे त्याला अंदाजाने पुन्हा लिहिता येईल ते टाकून देतं. उरतं ते फक्त न ओळखता आलेलं. म्हणून ते काडेपेटीएवढं असतं. लोक त्याला नुसतं 'डबी' म्हणतात.

रुखसारने जुन्या डिस्कची तार डबीला जोडली. तीन तास टकटक चालली. मग डिस्क एकदा कण्हली आणि गप्प झाली ती कायमची.

"खराब जागांची दुरुस्ती करू का, म्हणून डबी विचारतेय. हो म्हणू?"

"म्हण की. फुकट आहे ना?"

पडद्यावर लांबलचक अहवाल आला. खाली 'मान्य' लिहिलं होतं, मी बोट टेकवलं. विद्यार्थ्यांना उभा जन्म 'प्रयोगाच्या सूचना पूर्ण वाचा' म्हणून ओरडणारी मी. एक ओळ वाचली नाही.

"मॅडम, तुमच्या एकतीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका सव्वादोन प्रश्नपत्रिकांत मावल्या!" रुखसार हसत सुटली. "आणि सगळं मिळून डबी दोन टक्के पण नाही भरली. माझ्या नवऱ्याची चाळीस भरलीय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमचा अंदाज लगेच येतो."

मीही हसले. ती गेल्यावर मात्र मला हसू येईना. स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, एकाच कपाचा, आणि उभ्यानेच प्यायला. दोन टक्के म्हणजे जागा वाचली हे खरं, पण सत्तर वर्षांच्या बाईला ते ऐकून बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी डबीत काय काय आलं ते बघत बसले. फोटो होते, नोट्स होत्या. आणि 'नंतर' नावाचं एक खातं होतं.

त्या खात्याबद्दल सांगायला हवं. माझा एकच भाऊ, दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, चिपळूणला असतो. त्याला मूलबाळ नाही, माझं लग्न नाही. त्यामुळे आठल्यांचं घर म्हणजे तो, त्याची बायको वैजूवहिनी, आई आणि मी. दादाने सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात नोकरी काढली. ईमेल आलं तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याचं मला पत्र यायचं, आणि तेही पोस्टकार्डाच्या भाषेत. एकतीस वर्षांत एक रविवार चुकला नाही.

आईच्या शेवटच्या पाच महिन्यांत दादाने तिला सेवाश्रमात ठेवलं. मी पंधरा दिवसांनी संत्री घेऊन जायची, आईचा हात धरून बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. आई गेली. तेराव्याला, पाहुण्यांनी भरलेल्या ओटीवर, मी वहिनीला म्हणाले, "माझ्या आईला तू घराबाहेर काढलंस. यापुढे तुझ्या हातचं पाणी पिणार नाही." वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. आईला दोन वर्षं उचलून उचलून तिचा गुडघा कामातून गेला होता, ते मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच बहुधा मी इतकी ओरडले. दादा म्हणाला, "चारू, तू आता जा."

मी गेले. फोनवर त्याचा नंबर बंद केला. संगणकाला सांगून ठेवलं, दादाची पत्रं मला न दाखवता 'नंतर'मध्ये टाकायची. त्याला नऊ वर्षं झाली. ते खातं मी एकदाही उघडलं नव्हतं. उघडलं आणि आत काहीच नसलं तर, ही भीती होती. पत्रं असली तर, ही त्याहून मोठी.

आता डबीने ते आपण होऊनच समोर मांडलं. आत चारशे एकोणसत्तर पत्रं होती.

मी सगळ्यात अलीकडचं उघडलं. गेल्याच रविवारचं होतं.

'चि. चारू हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व क्षेम. उकाडा फार. नळाला पाणी एक दिवसाआड येते. वैजूचा गुडघा आता बराच बरा आहे. काल तिने साबुदाण्याच्या चिकवड्या घातल्या. तुझी आठवण काढते. तब्येतीस जपावे. कळावे. दादा.'

त्याच्या आधीचं उघडलं, त्याच्याही आधीचं उघडलं. वीस-पंचवीस वाचली असतील. सगळी तशीच. एका ओळीचाही राग नाही, 'उत्तर का देत नाहीस' असा एक प्रश्न नाही. नऊ वर्षं हा माणूस दर रविवारी विहिरीत पत्र टाकावं तसं लिहीत होता आणि मी इथे स्वाभिमान कुरवाळत बसले होते. मी रडले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल इतकी रडले, आणि कुणी विचारायला आलं नाही.

सगळी वाचायचा धीर माझ्यात नव्हता. मी दादाचा नंबर लावला.

"कोण?"

"मी चारू. मी येतेय तुझ्याकडे. उद्या."

मग तो म्हणाला, "ये. आता जुन्या घरात नसतो. पुराला कंटाळून वर टेकडीवर आलोय, सोनचाफा वसाहतीत. स्टँडवरून रिक्षा कर." आणि त्याने फोन ठेवला. वहिनीचं मी विचारलं नाही. तिच्याशी जे बोलायचं होतं ते समोरासमोरच बोलायचं होतं.

सकाळच्या बसने निघाले. पिशवीत वहिनीसाठी गुडघ्याचा पट्टा होता, बॅटरीवर गरम होणारा, दुकानात दोनदा घालून बघितलेला. पाटण गेलं, कोयना मागे पडली, कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली. मी खिडकीशी बसून एकच वाक्य घोकत होते. वहिनी, माझं चुकलं. एवढे तीन शब्द. उभं आयुष्य वर्गात बोलण्यात गेलं आणि हे तीन शब्द काही जिभेवर बसेनात. घाट उतरेपर्यंत निदान पुटपुटता येऊ लागले.

दादाने दार उघडलं. केवढा वाळला होता! दाढी अर्धवट झालेली, सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात. मला धीर सुटण्याआधी बोलून टाकायचं होतं, म्हणून चपला काढता काढताच मी हाक मारली, "वहिनी! मी आलेय गं, चारू!"

दादा माझ्याकडे बघतच राहिला.

"चेष्टा करतेस?" तो म्हणाला.

मग मला त्याच्या मागची भिंत दिसली. वहिनीचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार होता आणि हारावर धूळ होती.

"कधी?" मी विचारलं.

"साडेचार वर्षं झाली. कळवलं होतं तुला."

"पण तू गेल्या रविवारी तर लिहिलंस... गुडघा बरा आहे, चिकवड्या घातल्या..."

"कुणी लिहिलं?" दादा म्हणाला. "आईच्या तेराव्यानंतर मी तुला एकच पत्र लिहिलं. ती गेली त्या दिवशी. तुझं उत्तर नाही आलं, मग पुन्हा कशाला लिहू?"

मी पिशवी खाली ठेवली, पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली, माझ्या फोनला जोडली आणि विचारलं, ही पत्रं आली कुठून.

"'नंतर' या खात्यातलं एक पत्र जुन्या डिस्कवरून वाचता आलं," डबी म्हणाली. तिचा आवाज गोड आहे, त्याचाच राग येतो. "चारशे अडुसष्ट पत्रं हरवलेली होती. ती दुरुस्त केली आहेत. अहवालात तशी नोंद आहे."

मला क्षणात सगळं कळलं. कळायलाच हवं होतं, ते माझंच शास्त्र होतं. एकतीस वर्षं दर रविवारी पत्र, आणि मग एकाएकी काही नाही. डिस्क जागोजागी खराब. यंत्राला वाटलं, पत्रं होती, पण ती खराब जागांत गेली. जे हरवलं आणि जे मुळात नव्हतंच, त्यातला फरक त्याला कळत नाही. दादाचं पत्र कसं असतं हे तर त्याला पाठ होतं. रविवारमागून रविवार त्याने भरून काढले. अंदाज बांधता येतो तो रोजच्या जगण्याचा. मरण त्यात बसत नाही.

दादाला हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे माझ्या नावाने परस्पर पत्रं लिहिली."

"हो."

"आणि तुला एकाही पत्रावरून शंका आली नाही?"

"दादा, तू तसंच लिहायचास."

तो थोडा हसला, हसताना त्याला खोकला आला. मी पाणी आणलं. स्वयंपाकघरात सगळं एकेकच होतं. ताट एक, वाटी एक, गॅसवर छोटं पातेलं एक. माझ्या घरासारखंच.

"वाच बघू," पाणी पिऊन तो म्हणाला. "गेल्या रविवारचं."

मी वाचलं. चिकवड्यांशी आले तेव्हा त्याने डोळे मिटले.

"गुडघा बरा आहे म्हणतो?"

"बराच बरा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग त्याच्या आधीचं वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, फक्त खुर्चीच्या दांडीवरचा हात सैल झाला होता. चौथ्या पत्रानंतर तो म्हणाला, "ही सगळी मला पाठव."

"खोटी आहेत रे ती."

"माहीत आहे. मी काय खुळा आहे? पण त्यात ती आहे ना."

"मी येत जाईन. दर रविवारी येईन, दादा. तीन तासांचा तर रस्ता."

"तू येशील," तो शांतपणे म्हणाला. "पण मला तू नकोयस गं. ती हवीय."

हे ऐकून मला राग आला नाही. नऊ वर्षांपूर्वीची मी असते तर उठून गेले असते. आता एवढंच वाटलं, की माणसाने एवढं तरी मागावं आणि कुणीतरी ते द्यावं. माझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय? तीन शब्द होते, ते ज्या बाईचे होते ती भिंतीवर होती. मी डबीला सांगितलं, दादाची सगळी पत्रं त्याच्या फोनवर पाठव.

"एक पत्र या क्रमात बसत नाही," डबी म्हणाली. "ते बुधवारचं आहे आणि बाकीच्यांशी जुळत नाही. वगळायचं का?"

"वगळ," दादा म्हणाला.

"दादा, तेवढं एकच तुझं आहे."

"म्हणूनच."

डबी उत्तरासाठी थांबून राहिली. खाली कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"मी ते वाचलेलं नाही अजून," मी म्हणाले.

दादाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अजून?"

"अजून."

"मग आधी वाच," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. "मोठ्याने नको."

मी ते उघडलं. वर आशीर्वाद नव्हते, क्षेम नव्हतं. वाईट बातमीच्या पत्रात हे काही लिहीत नाहीत. आवक-जावकच्या माणसाने तेवढी रीत त्या सकाळीही पाळली होती.

'चारू, वैजू आज सकाळी सव्वासातला गेली. तुला फोन लावला, लागत नाही. इथे वसाहतीत महिनाच झाला, ओळखी नाहीत. मी, वॉचमन आणि खालचे परांजपे असे तिघे आहोत. परांजपे काठीने चालतात पण येतो म्हणाले. चौथं माणूस नाही. राग बाजूला ठेव आणि ये. बाईने खांदा देऊ नये म्हणतात ते सोड, वैजूला चालेल. मी चार वाजेपर्यंत थांबतो. दादा.'

मी ते तीनदा वाचलं. त्या बुधवारी मी काय करत होते? डबीला विचारलं असतं तर तिने अंदाजाने सांगितलं असतं, आणि तो बरोबर निघाला असता. सकाळी चालायला गेले असेन, दुपारी शब्दकोडं घेऊन आडवी झाले असेन. संगणक शेजारीच घरघरत असेल. पत्र त्याच्या पोटात पडलं असेल, मला न दाखवता, मीच सांगून ठेवल्याप्रमाणे.

"दादा," मी म्हणाले, "हे एकच ठेवते. बाकीची काढून टाकू?"

तो वळला नाही. "तुझ्याकडे आलीत ती. तुझं तू बघ."

मी डबीला सांगितलं, पाठवू नकोस, पुसून टाक. ती म्हणाली, चारशे अडुसष्ट पत्रं जातील, पुन्हा करता येतील पण तीच असतील असं नाही, नक्की का? मी हो म्हणाले. पडद्यावर ती ओळीने पुसली गेली. ते एक पत्र सोडून बाकीची नऊ वर्षं पांढरी झाली. ती तशीच होती, माझी होती, आणि ती कुणी भरून द्यावीत असं आता मला वाटेना.

मी उठून दादाच्या शेजारी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली वसाहतीचा रस्ता उन्हात सरळ फाटकापर्यंत जात होता. येणारं माणूस इथून लांबूनच दिसलं असतं.

"चौथं कोण आलं मग?" मी विचारलं.

"सहा वाजेपर्यंत थांबलो," दादा म्हणाला. "मग शववाहिकेच्या ड्रायव्हरने हात लावला."